गाडीचा मेंदू आणि आपली नियत

ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, धाकट्या बहिणीकडे गेले होते. जेवणे उरकली, दस्तरख्वान उचलले गेले आणि भाच्याने त्याच जागेवर एक जुनी चादर अंथरली. तिच्यावर त्याने वहीएवढी चपटी पत्र्याची पेटी ठेवली. शेजारी सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, एक भिंग आणि औषधाच्या जुन्या बाटलीत स्पिरिट.

“खाला, हा गाडीचा मेंदू आहे. आज याच्यात सॉकेट बसवतो,” तो म्हणाला.

बहीण आतून म्हणाली, “आपा, तुम्हीच विचारा त्याला. नोकरीचं विचारलं की हा त्या डब्याचं सांगतो.”

भाचा बावीस वर्षांचा. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केलेला. ती पेटी आमच्या धाकट्या भावाने, म्हणजे मुलांच्या मामूने, शारजाहून आणलेली. तो तिथे एका गॅरेजमध्ये कामाला आहे. १९९४ ची एक होंडा सिव्हिक भंगारात निघाली, तिच्यातला हा कॉम्प्युटर. वर पी-२८ असा शिक्का. मालकाने फुकट दिला, मामूने सामानात टाकला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाडीच्या यंत्राशी माझा संबंध रिक्षात बसण्यापुरता. तरीही त्या दुपारी मी तीन तास त्या चादरीजवळ बसून राहिले, कारण बहिणीची काळजी खरी होती. दूरच्या एका गॅरेजने भाच्याला काम देऊ केले होते. ते घ्यावे की नाही हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते, कारण काम नेमके काय आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवशी मला जे समजले ते इथे मांडते. आपल्या कितीतरी घरांतली मुले आज गॅरेज, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात आहेत. त्यांच्या आईवडिलांना याचा उपयोग होईल असे वाटते.

पेटीच्या आत काय असते

पूर्वीच्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळण्याचे काम कार्ब्युरेटर करी. मेकॅनिक स्क्रू पिळून ते कमीजास्त करायचा. आपल्याकडे २००० च्या सुमारास प्रदूषणाचे कडक नियम आले आणि मारुती ८०० सारख्या साध्या गाडीतही एमपीएफआय इंजिन आले. आता पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची हे एक कॉम्प्युटर ठरवतो. गॅरेजवाले त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात.

इंजिनवर जागोजागी सेन्सर असतात. एक पाणी किती तापले ते सांगतो, एक इंजिन किती वेगाने फिरते ते, एक पाय किती दाबला ते, आणि सायलेन्सरच्या नळीतला एक धुरात ऑक्सिजन किती उरला ते. हे निरोप घेऊन कॉम्प्युटर एका तक्त्यात बघतो. तक्ता आमच्या शाळेच्या वेळापत्रकासारखाच. आडव्या ओळीत इंजिनचा वेग, उभ्या ओळीत त्यावरचा भार, आणि दोन्ही ओळी जिथे मिळतात त्या चौकोनात एक आकडा. त्या आकड्यावरून इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा ते ठरते. पेट्रोल पुरते जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. हा हिशेब कॉम्प्युटर गाडी चालू असेपर्यंत अखंड करत असतो.

हे तक्ते चिपमध्ये लिहिलेले असतात. भाच्याकडच्या चिपचा नंबर २९सी२५६. आकाराने चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी, दोन्ही बाजूंना चौदा-चौदा असे अठ्ठावीस पाय. तिच्यात ३२,७६८ कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात ० ते २५५ मधला एकच आकडा राहतो. “अख्खी गाडी या आकड्यांवर चालते,” भाचा म्हणाला. हीच जात जुन्या काळी २७सी२५६ या नावाने मिळे. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असे. आतले लिखाण पुसायला ती अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वीसेक मिनिटे ठेवावी लागे. म्हणून लिहून झाले की खिडकीवर स्टिकर चिकटवत.

मग सॉकेट कशाला?

मी हाच प्रश्न विचारला. चिप आहे, बोर्ड आहे, सरळ चिकटवून टाक.

त्याचे उत्तर साधे होते. चिप बोर्डावर झाळून टाकली की ती बदलताना अठ्ठावीस पाय पुन्हा तापवून सोडवावे लागतात. प्रत्येक वेळी बोर्ड तापतो. बोर्डावरच्या तांब्याच्या टिकल्या कागदासारख्या पातळ असतात आणि दोन-तीनदा तापल्या की उचकटून येतात. टिकली गेली की तिथून निघालेली रेषाही जाते. सॉकेट एकदाच झाळायचे. पुढे चिप हाताने काढायची, हाताने बसवायची. घरात बल्ब तारेला जोडत नाहीत, होल्डरमध्ये लावतात, तसेच.

काही गाड्यांत प्रोग्रामची चिप कारखान्यातूनच झाळलेली येते. तिथे आधी ती काढावी लागते. पी-२८ मध्ये ती जागा रिकामीच असते. मूळ प्रोग्राम प्रोसेसरच्या पोटात असतो, पण बोर्डावर अठ्ठावीस पायांच्या चिपचा नकाशा छापलेला असतो आणि छिद्रे कथलाने बुजवलेली असतात. एकाच नमुन्याचे बोर्ड वेगवेगळ्या कामांसाठी बनवताना कंपनीने सोडलेली ही जागा. जगभरच्या हौशी लोकांनी ती हेरली आणि म्हणूनच या जुन्या होंडाची पेटी शिकाऊ मुलांत इतकी चालते.

काम कसे झाले

आधी मी त्याला दस्तरख्वानाच्या जागेवरून उठवले. सोल्डरच्या तारेत ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असते. ते १८३ अंशांना वितळते. शिशाचे कण बोटांना लागतात आणि बोटांवरून घासात जातात. शिवाय सोल्डरमधल्या राळेचा धूर दम्याच्या माणसाला त्रास देतो. तेव्हा बिऱ्हाड खिडकीजवळच्या टेबलावर हलले, पंखा बाहेर तोंड करून लागला आणि धाकट्या भाचीला शेजारी पाठवले. काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या ग्लासालाही हात लावायचा नाही, हे मी बजावले. पालकांनी एवढे तरी नक्की बघावे.

मग त्याने मनगटाला एक पट्टा बांधला. त्याची तार जमिनीच्या जोडणीला, म्हणजे अर्थिंगला लावलेली. कोरड्या हवेत आपल्या अंगावर वीज साठते. आपल्याला ती कळतही नाही, पण चिपला तेवढी पुरते. गाडीतून पेटी काढायची असेल तर त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, हा पहिला नियम. हे तो मला सांगत होता, जणू गाडी दारात उभी आहे.

आयर्न ३२० ते ३५० अंशांच्या दरम्यान ठेवले. बुजलेल्या प्रत्येक छिद्रावर थोडे फ्लक्स आणि थोडे नवे कथील. मला आश्चर्य वाटले, काढायचे आहे तर आणखी कशाला घालतो? तो म्हणाला, जुने कथील मेलेले असते, नवे मिसळले की दोन्ही मिळून वाहते. कथील वितळले की पंपाने ओढून घ्यायचे. जे उरते ते तांब्याच्या विणलेल्या फितीने टिपायचे. एका छिद्रावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकायचे नाही. नाही निघाले तर थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा. जमिनीच्या जोडणीची छिद्रे सगळ्यांत हट्टी, कारण तिथले तांबे रुंद असते आणि उष्णता पिऊन टाकते. तिथेच मुले जोर लावतात आणि टिकली उपटतात.

लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा, भांड्याला डाख लावायचा. तोही आधी घासून, नवसागर लावून मगच कथील टेकवायचा. मला तेच आठवले. जागा स्वच्छ नसेल तर कथील धरत नाही, हे त्याला कोणत्या आयटीआयने शिकवले होते?

छिद्रांतून पलीकडचा उजेड दिसू लागल्यावर सॉकेट आले. बाजारात पत्र्याच्या पात्यांचे स्वस्त सॉकेट मिळते आणि गोल, खरादलेल्या पायांचे थोडे महाग. फरक चहा-वड्याएवढा. पण गाडी खड्ड्यांतून धावते, पाती सैल होतात, म्हणून गोल पायांचे घ्यायचे. खटका दाबून चिप सोडणारे झिफ सॉकेट वारंवार बदलायला सोयीचे, पण उंच असते आणि पेटीचे झाकण बसत नाही. यासाठी तो विठ्ठलवाडीहून लोकलने, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडच्या बाजारात दोन चकरा मारून आला होता.

सॉकेटच्या एका टोकाला खाच असते. ती बोर्डावर छापलेल्या खाचेशी जुळलीच पाहिजे. उलटे बसले तर पुढे चिपही उलटी बसते आणि वीज देताच जळते. आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांचे दोनच पाय झाळले, सॉकेट सपाट बसले का ते आडवे धरून पाहिले, मग बाकीचे सव्वीस.

सॉकेट बसले म्हणजे संपले नाही. या बोर्डावर आणखी एक वीस पायांची चिप लागते, ७४एचसी३७३. प्रोसेसर एकाच तारांवरून आधी कप्प्याचा पत्ता पाठवतो आणि मग त्याच तारांवरून आकडा मागतो. तोपर्यंत पत्ता धरून ठेवायला कोणी हवे. ते काम ही चिप करते. तिच्यासोबत दोन छोटे कपॅसिटर आणि एक हजार ओहमचा रेझिस्टर. शेवटी जे-१ असे छापलेल्या जागी तारेचा एक तुकडा. त्या तुकड्याने प्रोसेसरला कळते की आता पोटातले नाही, बाहेरच्या चिपमधले वाचायचे.

मग स्पिरिटने आणि जुन्या टूथब्रशने फ्लक्स धुतले. मल्टिमीटर लावून शेजारशेजारचे पाय एकमेकांना चिकटले नाहीत ना ते एकेक करून पाहिले. या तपासणीला झाळण्याइतकाच वेळ लागला. बहीण चहा घेऊन आली, चहा गार झाला.

दिवा

गाडी नव्हती. त्याने टेबलावरच बारा व्होल्टचा पुरवठा जोडला आणि डॅशबोर्डवरच्या चेक इंजिन दिव्याच्या जागी एक लहान बल्ब लावला. चिपमध्ये याच गाडीचा मूळ प्रोग्राम, काहीही न बदललेला. तपासणीची जोडणी लावली की जागा झालेला कॉम्प्युटर आपल्या तक्रारी दिव्याच्या उघडझापीने सांगतो.

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. म्हणजे प्रोग्राम वाचला जात नव्हता.

भाच्याचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा सगळे जोड भिंगाखाली पाहिले. अर्धा तास गेला. माझ्या डोळ्यांना चष्मा आहे, पण शिक्षिकेची सवयही आहे. मी म्हटले, “पाठीमागूनच बघतोस. चिप बाजूने बघ.” त्याने पेटी डोळ्यांच्या रेषेत धरली. चिपचा एक पाय सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडून बसला होता. वरून तो बसल्यासारखाच दिसत होता. चिमट्याने सरळ केला आणि पुन्हा दाबली.

दिवा उघडझाप करू लागला. तीनदा, मग सहादा, मग सातदा, मग एक लांब. तीन म्हणजे हवेच्या दाबाचा सेन्सर नाही, सहा म्हणजे पाण्याच्या तापमानाचा नाही, सात म्हणजे थ्रॉटलचा, लांब एक म्हणजे दहा, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा. इंजिनच नाही तर सेन्सर कुठून असणार? कॉम्प्युटर जागा होऊन आपले हातपाय शोधत होता. मुलगा हसला आणि “अल्हम्दुलिल्लाह” म्हणून उठला. बहिणीला काय झाले ते कळले नाही, पण तीही हसली.

आपल्या दारातली गाडी

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. हे वाचून कोणी आपल्या गाडीची पेटी उघडू नये. आजच्या बहुतेक गाड्यांत असे सॉकेट बसतच नाही. प्रोग्राम प्रोसेसरच्या आत किंवा बोर्डाच्या अंगावर सपाट झाळलेल्या चिपमध्ये असतो आणि तो स्टिअरिंगखालच्या जोडणीतून लॅपटॉपने बदलतात. म्हणजे झाळण्याचे कसब न येणारा माणूसही आता आकडे बदलू शकतो. म्हणूनच प्रश्न मोठा झाला आहे.

आकडे बदलण्याला लोक ‘रीमॅप’ म्हणतात. पिकअप वाढतो हे खरे. पण पेट्रोल कमी पडले किंवा ठिणगी फार आधी पडली तर इंजिन खडखडते आणि पिस्टनला भोकही पडते. पेट्रोल जास्त झाले तर सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. हा कन्व्हर्टर म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असलेली जाळी. विषारी वायूंचे तिथे कमी घातक वायू होतात.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. प्रदूषणाच्या नियमांचा भंग झाला तर दंड दहा हजारांपर्यंत जातो. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला फेरफार अपघातानंतर दावा अडकवू शकतो.

आता त्या गॅरेजने देऊ केलेले काम काय होते? जुन्या, बाहेरून आलेल्या गाड्यांच्या पेट्यांत सॉकेट बसवणे हा त्याचा छोटा भाग. मोठा भाग वेगळा होता. गाड्यांतले कन्व्हर्टर काढायचे, त्यातला धातू विकायचा आणि कन्व्हर्टर नाही म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागू नये यासाठी प्रोग्राममधले आकडे बदलायचे. दिवा लागणार नाही, गाडी छान पळेल, मालक खूश. एका गाडीमागे भाच्याला दोन हजार रुपये. महिन्याचा हिशेब बहिणीने बोटांवर केला आणि गप्प बसली.

जगातले एक उदाहरण

असे काम फक्त गल्लीतले गॅरेज करते असे नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन कंपनीला नोटीस दिली. तिच्या डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असा प्रोग्राम होता की गाडी तपासणीला उभी आहे हे तो ओळखे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करी. रस्त्यावर आली की नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हा प्रोग्राम निघाला. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने गाड्या रस्त्यावर चालवून तपासल्या, तेव्हा प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपये दंड सुनावला आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

तिथे कोणी भेसळ केली नव्हती, कोणी पत्रा कापला नव्हता. बदलले होते फक्त आकडे. दिसत काही नव्हते.

मदिनेच्या बाजारातली एक हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत मुहम्मद (स.) धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तर मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. वर कोरडे आणि आत ओले. प्रोग्राम बदलून विझवलेला दिवा मला तसाच वाटला.

मेहुण्यांचे बोलणे

हे सगळे मी सांगितले, पण भाच्याचे मन वळले ते माझ्या सांगण्याने नव्हे.

माझे मेहुणे बारा वर्षे जीन्स धुण्याच्या कारखान्यात होते. कॅम्प पाच आणि आजूबाजूला असे पुष्कळ कारखाने होते. कापड रंगवायचे, रसायनांनी फिके करायचे, धुवायचे आणि पाणी नाल्यात. नाला वालधुनीत, वालधुनी पुढे उल्हास खाडीत. नदीचा रंग त्या दिवशीच्या रंगावर असे. लोक कोर्टात गेले, हुकूम आले, कारखान्यांची वीज तुटली. हजारो घरांची चूल त्यावर होती. मेहुण्यांना त्यानंतर कायमचे काम मिळालेले नाही. कधी फर्निचरच्या दुकानात हमाली, कधी रिक्षा.

ते इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होते. मग म्हणाले, “बेटा, आम्हीही म्हणायचो, आपण फक्त मशीन चालवतो. पाणी कुठं जातं ते मालक बघेल. पाणी दिसत नव्हतं ना आम्हाला. शेवटी नदीनं हिशेब केला, तेव्हा मालक दुसरीकडे गेला आणि आम्ही घरी बसलो. तुझ्या गाडीचा धूरही तुला दिसणार नाही. पण तो याच गल्लीत येणार.”

कोणी काही बोलले नाही. भाच्याने पेटीचे स्क्रू घट्ट केले. दोन दिवसांनी त्याने गॅरेजला नाही म्हणून कळवले. बहीण त्या रात्री रडली, हेही लिहायला हवे. दोन हजार रुपये ही त्या घरात लहान गोष्ट नाही.

हुनर वाया गेला का?

उल्हासनगरची घरे अजून बॅरेकच्या नंबरांनी ओळखली जातात. ही मूळची लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेले लोक इथे आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या शहराची पायाभरणी झाली. हाताशी काही नसताना त्या लोकांनी घराघरांत छोटे कारखाने काढले. पुढे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद लोक करू लागले. नकली मालाचा शिक्का सगळ्या गावावर बसला. पण हेच हात कोणतीही बिघडलेली वस्तू पुन्हा चालती करतात, हेही या गावाचेच वैशिष्ट्य आहे.

भाच्याने तोच रस्ता धरला. २६ जुलै २००५ च्या पुरात आणि जुलै २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली त्या पुरातही, उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अनेक गाड्यांत हा कॉम्प्युटर डॅशबोर्डखाली किंवा पायांजवळ असतो. पाणी शिरले की बोर्डावर गंज चढतो. गॅरेज म्हणते नवीन टाका, आणि नवीन पेटी जुन्या गाडीच्या किमतीला भारी पडते. बऱ्याचदा बोर्ड स्पिरिटने धुवून, वाळवून, गंजलेला पाय किंवा फुगलेला कपॅसिटर बदलून पेटी पुन्हा चालते. त्यासाठी लागणारे कसब तेच, जे त्याने त्या रविवारी वापरले. टिकली न उपटता कथील काढणे, उलटसुलट न होऊ देता नवे बसवणे, आणि बाजूने बघणे.

मित्राच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्याने अर्धे टेबल भाड्याने घेतले आहे. कमाई त्या गॅरेजच्या आकड्याच्या जवळपासही नाही. पावसाळ्यात थोडी बरी असते. दुकानात त्याने एक पाटी लावली आहे: गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका, आधी बॅटरीची तार सोडा. या पाटीमुळे त्याचे गिऱ्हाईक कमी होते असे मित्र म्हणतो, कारण चावी न फिरवलेली पेटी सहसा जळत नाही.

पालकांसाठी थोडे

मुलगा यंत्र उघडून बसला तर त्याला उठवू नका. सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापात घालण्याच्या हुकुमाचा उल्लेख आहे. १२०६ मध्ये अल-जझरी यांनी आपल्या ग्रंथात नावेतल्या यांत्रिक वादकांचे वर्णन केले. खुंट्या बसवलेला दंडगोल फिरे आणि जशी खुंटी लागे तसा बाहुला डफ वाजवी. खुंट्या हाच त्या नावेचा प्रोग्राम. आपल्या मुलांचा हात या जुन्या घराण्यातला आहे.

पण मुलगा काय करतो ते समजून घ्या. मला सॉकेट म्हणजे काय हे कळल्यावरच कोणते काम साधे आणि कोणते फसवणुकीचे हे विचारता आले. त्याआधी मीही नुसते ‘नोकरी बघ’ एवढेच म्हणत होते. कामाबद्दल तीन प्रश्न विचारा. हा बदल गिऱ्हाइकाला सांगून करतोस का? तपासणी करणाऱ्याला दाखवता येईल का? याचा त्रास तिसऱ्याच कोणाला होईल का? उत्तर देताना मुलगा अडखळला तर रागावू नका, जवळ बसा.

ती होंडाची पेटी अजून बहिणीच्या कपाटावर आहे. तिला गाडी नाही आणि मिळणारही नाही. शेजारची दोन मुले रविवारी येतात, भाचा झाकण उघडतो, चिप काढून त्यांच्या हातात देतो आणि परत बसवायला सांगतो. बहीण हल्ली स्वतःच खिडकीजवळच्या टेबलावर ती जुनी चादर टाकून ठेवते.